हात सुटला तर? दोराने उतरण्याच्या दीडशे वर्षांचा मागोवा

फ्रेंच भाषेत 'रॅपेल' म्हणजे परत बोलावणं. शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले १८७६ साली पेती द्रू या सुळक्यावर एकटाच चढू पाहत होता. शिखर हुकलं, पण दोर दुपदरी टाकून उतरायचं आणि खाली आलं की एक टोक ओढून तो परत बोलवायचा, ही युक्ती त्याच धडपडीतून रुळली. १८७९ साली तो त्याच सुळक्याच्या माथ्यावर पोचला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आधी म्युनिकच्या हान्स ड्युल्फरच्या नावाने एक पद्धत रूढ झाली. तिच्यात दोर मांडीखालून घेऊन छातीवरून खांद्यावर आणि तिथून पाठीमागे हातात येई. उतरण्याचं साधन म्हणजे माणसाचं शरीरच होतं, आणि त्याची किंमत मान-मांडीची सालपटं देऊन चुकवावी लागे. त्याच सुमारास कॅराबिनर (दार असलेला धातूचा दुवा) आला, नंतर नायलॉनचा दोर आला, आठाच्या आकड्यासारखा डिसेंडर, म्हणजे उतरण्याची कडी आली, १९६९ च्या सुमारास फ्रिट्झ श्टिश्टची भोकांची चकती आली, १९९१ मध्ये ग्रीग्री आणि १९९३ मध्ये एटीसी ही नळी आली. ही यादी वाचताना प्रगती धातूत झाली असं वाटतं. माझ्या मते ती धातूत फार थोडी झाली. खरी प्रगती 'हात सुटला तर काय?' या एका प्रश्नाच्या उत्तरात झाली, आणि झाडावरून उतरण्यासाठी साधं साधन निवडणाऱ्याने आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

कारण साध्या साधनाचं काम फक्त गुणाकाराचं आहे. दांड्याभोवती दोराचे वेढे दिले की हाताची पकड कित्येक पटींनी वाढते, आणि प्रत्येक वेढ्यागणिक ही वाढ बेरजेने नाही तर पटीने होते. घर्षणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वेढ्याला पकड सुमारे पावणेपाच पट होते, दीड वेढ्याला साडेदहा पट. म्हणजे ८० किलोचा माणूस एका वेढ्यावर लटकला असेल तर हाताला जवळपास १७ किलो तोलावे लागतील, दीड वेढ्यावर आठही नाहीत. म्हणून आठाच्या कडीवर एखादी मुलगी आपल्या वजनाला लीलया आवर घालते. पण हातातली पकड शून्य झाली तर साडेदहा पट शून्य हेही शून्यच. मधमाशी डसली, फांदी डोक्यावर आदळली, घामाने मूठ निसटली, तर कडी कितीही मजबूत असो, ती माणसाला थांबवत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. हाच माणूस २० मीटर उतरला की सुमारे १६ हजार ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ती सगळी १०० ग्रॅम ॲल्युमिनियममध्येच साठली तर धातूचं तापमान पावणेदोनशे अंशांच्या आसपास वाढेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता दोरात आणि हवेत जाते, पण झपझप उतरून शेवटी थबकणाऱ्याच्या कडीला हात लावला तर पोळतो. नायलॉन दोनशे अंशांच्या पुढे वितळतो, डायनीमा हा कृत्रिम धागा दीडशेच्या आतच. म्हणून संथ उतरणं हा भित्रेपणा नाही, आणि खाली पोचताच दोर कडीतून मोकळा करणं हा कामाचाच भाग आहे.

हात सुटण्यावरचं उत्तर १९३१ मध्येच हाताशी आलं होतं. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने त्या वर्षी प्रसिद्ध केलेली गाठ मोकळी असताना दोरावरून सरकते आणि ताण आला की आवळते. पण उत्तर हाताशी असणं आणि ते नीट वापरता येणं यांत काही दशकं गेली. बराच काळ ही गाठ डिसेंडरच्या वर बांधली जाई. तिथे आवळली की माणसाचं सगळं वजन तिच्यावर येई आणि ती सोडवताना उतरणारा हताश होई. नंतर ती डिसेंडरच्या खाली, हाताच्या जागी आली. तिथे तिला फक्त हाताचा ताण पेलायचा असतो, त्यामुळे ती लहान असते आणि बोटाने सैल होते. यात एक खाच मात्र आहे. गाठ वर सरकून डिसेंडरला टेकली तर ती रेटली जाऊन उघडी राहते आणि तिचा काही उपयोग उरत नाही. म्हणून डिसेंडर हार्नेसला थेट न लावता हातभर पट्ट्याने पुढे लावतात आणि गाठीचा फास आखूड ठेवतात. माझ्या दृष्टीने या दीडशे वर्षांतला सर्वांत मोलाचा बदल हा एक हातभर पट्टा आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या पेटंटात बसत नाही.

डोंगरावरची ही सामग्री झाडांवर गेली ती दोन वाटांनी. एक बागकामाची, जिथे फांद्या छाटणारे चालत्या दोरावर घर्षणगाठी बांधून काम करत. दुसरी संशोधनाची: कोस्टारिकाच्या ला सेल्वामध्ये डोनाल्ड पेरीने सत्तरच्या दशकात दोरांनी जंगलाचं छत गाठलं, आणि वडिलांकडून भारतीय असलेल्या नलिनी नाडकर्णींनी त्याच काळाच्या शेवटी मध्य अमेरिकेच्या वृक्षशेंड्यांवर अभ्यास सुरू केला. झाडावर मात्र डोंगरावरचे हिशेब थोडे बदलतात. छाटणीचे दोर साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचे असतात, तर एटीसीसारख्या नळ्या बहुधा ११ मिलिमीटरच्या आतल्या दोरांसाठी बनवलेल्या. जाड दोर तिच्यात शिरला तरी अडकत, खेचत उतरावं लागतं. म्हणून जाड एकेरी दोरावर आठाची कडी मला अजूनही रास्त निवड वाटते; पातळ किंवा दुपदरी दोर असेल तर नळी. कडीचे दोष मात्र माहीत हवेत. ती दोराला पीळ घालते आणि पालवीत लोंबणारं खालचं टोक गुंतू लागतं. ढिलाई आली तर दोर मोठ्या कडीवरून सटकून फास पडतो, त्यासाठी कान असलेली कडी घ्यावी. ती कॅराबिनरच्या दारावर आडवी पडू शकते, म्हणून स्क्रूचा कॅराबिनर. आणि दोर ओवताना ती हातातून खाली पडते. त्यावर जुना उपाय आहे: मोठी कडी कॅराबिनरमध्ये अडकवूनच दोर ओवायचा आणि मग लहान भोक पलटवून अडकवायचं.

इथे कुणी म्हणेल, हात सुटताच आपोआप थांबणारं साधन बाजारात असताना ही कसरत कशाला? हा आक्षेप वजनदार आहे, आणि रोज झाडावर करवत चालवणाऱ्याच्या बाबतीत तो मला मान्यही आहे. त्याने तेच साधन घ्यावं आणि कसून शिकावं. पण आपोआप थांबण्याचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मेक्सिकोच्या एल पोत्रेरो चिको इथे ब्रॅड गोब्राइट हा निष्णात चढाईवीर उतरताना मरण पावला. त्याच्याकडे ग्रीग्री हे असंच आपोआप थांबणारं साधन होतं. दोराच्या टोकाला गाठ नव्हती, टोक साधनातून निघून गेलं आणि अडवायला काही उरलं नाही. हाताच्या प्रश्नाला ग्रीग्री उत्तर देतो, दोर संपण्याच्या प्रश्नाला नाही. ते उत्तर टोकाच्या गाठीचं आहे. शिवाय घाबरलेला माणूस सोडतो कमी, आवळतो जास्त; आवळलेल्या मुठीत साधनाचा दांडा असेल तर तो उघडतो. पुढच्या काही साधनांच्या दांड्यांत जादा ओढ लागताच अडणारी रचना घालावी लागली ती यामुळेच. गुंतागुंतीच्या साधनाला दोराची जाडी ठरलेली लागते, चिकाने माखलेल्या दोरावर ते वेगळं वागतं, आणि वर्षातून दोनदाच झाडावर जाणाऱ्याला त्याची सवय राहत नाही. अशा माणसाला पट्ट्याने पुढे लावलेली कडी, खाली प्रुसिक आणि टोकाला गाठ हे तिन्ही डोळ्यांनी तपासता येतात. तपासता येणं हा गुण मी आपोआप थांबण्याच्या खालोखाल नाही, बरोबरीने मोजतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा. कोकण-गोव्यातले पाडेली पिढ्यान्‌पिढ्या पायात फास घालून माडावर चढतात-उतरतात, त्यांना कुठे हार्नेस लागतो? त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण न पडलेल्यांची संख्या मोजून सुरक्षितता सिद्ध होत नाही. माडावरून पडून पाठीचा कणा मोडल्याच्या नोंदी किनारपट्टीच्या इस्पितळांना अनोळखी नाहीत. आणि माडाला मिठी मारता येते, जुन्या वडाच्या किंवा आंब्याच्या आडव्या फांदीवरून ती मिळत नाही.

नुसत्या साधनावरही भिस्त ठेवता येत नाही. डिसेंडर कितीही चांगला असो, तो ज्याला टांगला आहे ते झाड असतं. दोर वरच्या बेचक्यातून घेऊन दुसरं टोक बुंध्याला बांधलं, तर घर्षण वजा जाता बेचक्यावर माणसाच्या जवळपास दुप्पट भार येतो. ८० किलोचा माणूस फांदीला दीडशे किलोंसारखा वाटू शकतो. वरच बांधला तर भार निम्मा, पण अडचणीच्या वेळी खालच्या माणसाला दोर सोडता येत नाही. १९३६ च्या जुलैत आयगर पर्वतावर टोनी कुर्त्झ हा गिर्यारोहक दोन दोर जोडणाऱ्या गाठीपाशी अडकला. ती गाठ त्याच्या कॅराबिनरमधून जाईना आणि सुटकेला आलेली माणसं काही मीटर खाली असताना तो गेला. झाडावर म्हणूनच दोर एकसलग आणि जमिनीला टेकून वर उरेल इतका लांब हवा, आणि बेचकं जिवंत लाकडाचं. अनुभवही पुरेसा नसतो. नाडकर्णी २०१५ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या जंगलात सुमारे ५० फुटांवरून कोसळल्या, गंभीर जखमी झाल्या आणि बऱ्या होऊन पुन्हा झाडांवर गेल्या. तेव्हा त्यांच्या पाठीशी तीन दशकांहून अधिक अनुभव होता. म्हणून माझा आग्रह एका क्रमावर आहे. उतरण्याआधी झाडाला बांधलेला पट्टा तसाच ठेवायचा. दोर ओवायचा, स्क्रू फिरवायचा, प्रुसिक लावायची, आणि पूर्ण वजन कडीवर टाकून दोन्ही हात सोडून बघायचं. गाठ आवळली आणि माणूस थांबला, तर हात पुन्हा दोरावर घ्यायचा. झाडाचा पट्टा सोडायचा तो त्यानंतर.