दुसऱ्या दिवशीचं बरं वाटणं

परतूरच्या ग्रामीण रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड. सकाळचा राउंड चालू आहे. माझी आत्या तापाने इथं भरती आहे. तिच्या पलीकडच्या खाटेवरची मुलगी चहात बिस्कीट बुडवून खातेय. काल सकाळी तिला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं, तेव्हा उलट्या थांबत नव्हत्या. आज वेणी घातलीय, आईशी हळूहळू बोलतेय. केसपेपरवर इंग्रजीत काहीबाही लिहिलंय. वॉर्डात सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की पोरीनं उंदराचं औषध घेतलं.

मुलीचे सासरे डॉक्टर बाईंच्या पुढ्यात उभे राहतात. "मॅडम, सुट्टी द्या आता. चांगली झाली की पोरगी. रानात कापूस फुटून पडलाय, घरी कोणी नाही."

डॉक्टर बाई मुलीचे डोळे बघतात, पोटाची उजवी बाजू हलक्या हाताने दाबतात, मग सासऱ्यांकडे वळतात. "बाबा, या औषधात दुसरा दिवस असाच जातो. उलटी थांबते, भूक लागते, माणूस घरी जायचं म्हणतो. आतमध्ये लिव्हरवर काम चालूच असतं. घरी न्याल आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे झालेली घेऊन याल. तेव्हा आपला हातचा वेळ गेलेला असेल."

सासरे गप्प होतात. डॉक्टर बाईंचं हे बोलणं गावोगाव दवंडी पिटून सांगावं असं मला वाटतं. सोयाबीन घरात आलं की उंदीर येतात, उंदीर आले की औषध येतं; ते फळीवर, लेकरांच्या हाताला लागेल असं पडून असतं. आणि कोणी ते घेतलं तर "आता बरंय" म्हणून माणसं दवाखान्यातून हट्टाने घरी नेली जातात.

मुलीचा भाऊ धापा टाकत येतो. कॅरीबॅगेत रिकामी नळी. काल डॉक्टर बाईंनीच ती आणायला सांगितली होती. त्या नळी खिडकीपाशी उजेडात धरून बारीक अक्षरं वाचतात. पिवळा फॉस्फरस. सगळ्याला आपण उंदराचं औषध म्हणतो, पण आतला माल वेगवेगळा. वडीसारखं मिळणारं ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. त्यावर व्हिटॅमिन के चालतं, तेही कधीकधी महिनोन्‌महिने. काळ्या भुकटीतलं झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यावर विषारी वायू सोडतं, हृदयावर ताण येतो. पिवळ्या फॉस्फरसची ही पेस्ट यकृत धरते. म्हणून पाकीट सोबत आणणं म्हणजे अर्धं निदानच.

"घरी काय दिलं होतं?" डॉक्टर बाई विचारतात.

"दूध पाजलं, मॅडम. तूप घालून," आई म्हणते. मायेनेच दिलेलं. डॉक्टर बाई रागावत नाहीत. स्निग्ध पदार्थाने हे विष अंगात जास्त मुरतं, म्हणून तूप नाही, दूध नाही, घशात बोटं घालून उलटी नाही. सरळ १०८ ला फोन, एवढंच त्या सांगतात. आई प्रत्येक शब्दाला मान हलवते.

सासऱ्यांच्या मनातली खरी भीती आता बाहेर येते. पोलिस. काल जबाब घ्यायला जमादार आले होते, तेव्हापासून ते धास्तावलेत. "सुनेवर केस होईल का?" डॉक्टर बाई सांगतात, की नोंद करावीच लागते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसावर मोठा ताण होता असंच धरतात आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असतात. सासरे पहिल्यांदाच सुनेच्या खाटेच्या कडेला टेकतात. तिला का म्हणून कोणी विचारत नाही, आणि आज विचारूही नये.

"याला उतारा नाही का?" भाऊ दबक्या आवाजात विचारतो.

"थेट उतारा नाही, पण हातावर हात ठेवून बसायचं नाही. सलाईनमधून एनएसी नावाचं औषध चालू केलंय. लिव्हर जास्त बिघडलं तर रक्तातला प्लाझ्मा बदलतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्याने असे पेशंट वाचवलेत. हिचे रिपोर्ट रोज बघावे लागतील, म्हणून जालन्याला पाठवतेय. तिथून गरज पडली तर संभाजीनगरला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात."

सिस्टर केसपेपरच्या मागे १४४१६ लिहून आईला दाखवतात: टेली-मानस, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. "मावशी, घरी गेल्यावर हिला एकटं वाटलं तर हा लावायचा. तुम्हाला वाटलं तरी लावायचा."

मुलगी चहाचा कप खाली ठेवते. "मी परत येईन ना इथं?" ती विचारते.

"इथं कशाला, माझ्याकडं यायचं. माहेरी," आई म्हणते आणि पिशवी भरायला घेते.

१०८ दारात लागलीय. डॉक्टर बाई फोनवर जालन्याशी बोलताहेत: "हो, पेस्टच. काल सकाळी घेतलेलं. लिव्हरचे आणि पीटी-आयएनआरचे कालचे आकडे चिठ्ठीवर आहेत, नळी भावाकडे दिलीय. आजचं रक्त पोचल्या पोचल्या काढा, आणि बरी दिसतेय म्हणून सोडू नका."