ओढ्याची निगा : कुटुंबाच्या सहभागातून

पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा पौष-माघातच कोरडा पडतो आणि पाठोपाठ काठच्या विहिरींचे पाणीही खोल जाते, हा अनुभव देशाच्या अनेक कोरडवाहू भागांत येतो. अशा गावांत ग्रामस्थ एकत्र येऊन एखाद्या दिवशी पात्राची स्वच्छता करतात. उपक्रम स्तुत्य असला, तरी ओढ्याचे आरोग्य त्या एका दिवसावर अवलंबून नसते. काठावरील प्रत्येक कुटुंब वर्षभर आपल्या शेतात, गोठ्यात आणि अंगणात काय करते, यावर ते ठरते.

ओढा का आटतो?

पाऊस थांबल्यावर ओढ्यात वाहणारे पाणी प्रामुख्याने जमिनीत मुरलेले असते व ते हळूहळू पात्रात पाझरते. भूजलाची पातळी पात्राच्या तळापेक्षा वर असेपर्यंत हा प्रवाह टिकतो. ती खाली गेली की पाझर थांबतो आणि पात्रात उरलेले पाणीही जमिनीत जिरते. त्यामुळे विहिरींतून होणारा उपसा, निवडलेले पीक आणि बांधबंदिस्तीची अवस्था यांचा ओढ्याशी थेट संबंध आहे. हे निर्णय घराघरांत होतात.

अरवरीचा धडा

राजस्थानातील अलवर जिल्ह्यातून वाहणारी अरवरी ही सुमारे ४५ किलोमीटर लांबीची लहान नदी. केवळ पावसाळ्यापुरती वाहणाऱ्या या नदीच्या परिसरात १९८० च्या दशकात तरुण भारत संघाने राजेंद्र सिंह यांच्या पुढाकाराने जोहडांचे काम हाती घेतले. जोहड म्हणजे उतारावरचे पाणी अडवणारा मातीचा बांध. गावोगावच्या कुटुंबांनी श्रमदान करून असे शेकडो बांध उभारले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास अरवरी बारमाही झाली.

पाणी आले, तसा ते कोणी किती वापरावे हा प्रश्नही आला. त्यासाठी १९९९ मध्ये पाणलोटातील सुमारे ७० गावांची ‘अरवरी संसद’ स्थापन झाली. होळीनंतर पावसाळ्यापर्यंत नदीतून उपसा न करणे, अधिक पाणी लागणारी पिके टाळणे, हिरवी झाडे न तोडणे असे नियम गावांनी स्वतःवर घालून घेतले. कायद्याचे पाठबळ नसलेले हे नियम पाळण्याची जबाबदारी शेवटी कुटुंबांवरच येते. बांध घातल्याने पाणी येते. ते टिकते वापराच्या शिस्तीमुळे.

कुटुंबाची कामे

मृग नक्षत्रापूर्वी शेताच्या बांधांची दुरुस्ती करावी. ओढ्याकाठी काही मीटर रुंदीचा पट्टा नांगरटीविना ठेवून त्यात वाळा, मारवेल, बांबू किंवा करंज लावावा. त्यामुळे माती व खते पात्रात जाण्यास अटकाव होतो, शिवाय चाराही मिळतो.

पाऊस सरताना रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. पुढील पावसापूर्वी त्या गोण्या आठवणीने काढून घ्याव्यात, अन्यथा त्यांचे प्लॅस्टिक पात्रातच राहते.

कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. फवारणी पंप ओढ्यात धुऊ नये. गुरांसाठी काठापासून दूर हौद बांधावा आणि सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत वळवावे.

शाळकरी मुलांकडे मोजणीचे काम सोपवावे. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी, सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी, विहिरीच्या काठावरील एकाच खुणेपासून पाणी किती खोल आहे ते वजन बांधलेल्या दोरीने मोजून वहीत लिहावे. या वेळी घरातील मोठ्या माणसाने सोबत असणे अत्यावश्यक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

संपूर्ण नदी एकदम हाती घेण्याऐवजी ओढ्याच्या एका टप्प्यावरील दहा-पंधरा कुटुंबांपासून आरंभ करावा. बैठक खातेदारांपुरती मर्यादित ठेवू नये. पाणी भरणाऱ्या, गुरे सांभाळणाऱ्या व परसबाग राखणाऱ्या स्त्रियांना पाण्यातील बदल सर्वांत आधी जाणवतात. मात्र पीक आणि उपसा ठरवताना त्यांचे मत क्वचितच विचारले जाते. कामांची वाटणी होताना निर्णयातही त्यांना वाटा मिळावा.

वरच्या अंगाच्या एका कुटुंबाने मोटारीचे तास वाढवले, की खालच्या अंगाच्या कुटुंबांचे पाणी तुटते. या विषयावर उन्हाळ्यात चर्चा केल्यास वाद होतो, तोडगा निघत नाही. म्हणून रब्बीच्या पेरणीपूर्वीच सर्व विहिरींच्या नोंदी एकत्र वाचाव्यात. पाणी कमी असेल तर उन्हाळी भात किंवा नव्या उसाऐवजी हरभरा, ज्वारी, करडई यांचा विचार व्हावा आणि नदीतून उपसा कधी थांबवायचा, ती तारीख सर्वांसमक्ष ठरावी.

मुलांच्या वहीतील आकडे पाहून ज्या घरात पुढचे पीक ठरते, त्या घराने ओढ्याची जबाबदारी खऱ्या अर्थाने स्वीकारलेली असते. अशी पंधरा घरे एका टप्प्यावर उभी करणे, हे येत्या हंगामासाठी विस्तार कार्याचे साध्य होण्याजोगे उद्दिष्ट आहे.