सिक्लिड मासे आणि जिवंत पाणवनस्पती : ग्राहकाला काय सांगावे?

मत्स्यटाक्यांचा धंदा आज मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपुरता मर्यादित राहिलेला नाही. विठ्ठलवाडीसारख्या लहान स्टेशनच्या आसपास आणि पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत नवनव्या इमारती उभ्या राहिल्या आणि घरात काचेची टाकी ठेवण्याची हौसही वाढली. काच कापणारा, सिलिकॉनने टाकी जोडणारा, स्टँड बनविणारा, मासे व खाद्य विकणारा अशा अनेकांची रोजी त्यावर चालते. त्यांत आपले बांधवही आहेत. म्हणूनच या धंद्यात वारंवार उद्भवणाऱ्या एका तक्रारीचा येथे विचार करावयाचा आहे.

तक्रार अशी असते : ग्राहक ऑस्करची जोडी घेतो, शोभेसाठी हिरवी झाडेही घेतो. तिसऱ्या दिवशी झाडे मुळासकट पाण्यावर तरंगतात, पानांच्या चिंध्या होतात. ग्राहक म्हणतो, माल खराब दिला. दुकानदार म्हणतो, मासेच तसे. वस्तुतः माल खराब नसतो आणि माशाचाही दोष नसतो. दोष असतो तो न सांगितलेल्या माहितीचा.

सिक्लिड म्हणजे काय?

सिक्लिड हे एका मोठ्या मत्स्यकुलाचे नाव आहे. हे कूळ आपल्याला परके नाही. धरणांतून पकडली जाणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, ही याच कुळातील होय. ती मूळची आफ्रिकेची असून १९५२ साली भारतात आणली गेली. कोकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर मात्र आपल्याकडचाच सिक्लिड आहे. केरळमध्ये त्याला करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमासा घोषित केले.

या कुळातील माशांत अंडी व पिले यांची राखण करण्याची वृत्ती प्रबळ असते. त्यासाठी मासा जागा धरतो, ती साफ करतो, वाळू उकरून खड्डा करतो आणि इतरांना हुसकावतो. त्या जागेत झाड आले की तो उपटून टाकतो. ही खोडी नव्हे, त्याचा स्वभाव आहे. शिवाय काही जाती वनस्पती खातातही. मात्र सर्व सिक्लिड सारखे नाहीत, आणि विक्रेत्याने नेमका हाच फरक ओळखला पाहिजे.

माशांचे तीन गट

१) झाडांशी जुळणारे : एंजल, डिस्कस, रॅम आणि क्रिबेन्सिस. एंजल व डिस्कस हे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मासे होत. एंजल रुंद पानावर अंडी घालतो, म्हणजे झाड त्याच्या उपयोगाचेच असते. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके ऊबदार पाणी लागते, तेव्हा ती उष्णता सोसणारीच झाडे द्यावीत. क्रिबेन्सिस थोडी वाळू उकरतो, परंतु झाडांची नासधूस क्वचितच करतो.

२) मध्यम गट : मलावी सरोवरातील रंगीत मासे, ज्यांना बाजारात सरसकट ‘आफ्रिकन’ म्हणतात. यांतील खडकांत राहणाऱ्या जाती दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. कोवळे पान दिसले तर तेही कुरतडतात. यांच्यासोबत जाड, कडक पानाचीच झाडे टिकतात.

३) झाडांचे शत्रू : ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न. ऑस्कर फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गातील मासा नसून १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झाला. या दोघांच्या टाकीत वाळूत लावलेले झाड टिकेल अशी हमी कोणीही देऊ नये.

कोणती झाडे टिकतात?

अनुबियास : पश्चिम आफ्रिकेतील ही वनस्पती सिक्लिडच्या टाकीसाठी सर्वांत भरवशाची आहे. पान जाड व चिवट असल्याने बहुतेक मासे ते सोडून देतात. तिला तीव्र उजेड लागत नाही. उलट फार उजेडात तिच्या पानांवर शेवाळ चढते.

जावा फर्न : आग्नेय आशियातील ही नेचेवर्गीय वनस्पती. हिच्या पानांवरच लहान रोपे फुटतात. ती वेगळी करून वाढविता येतात.

वॅलिसनेरिया : लांब फितीसारख्या पानांचे हे गवत भारतातही आढळते आणि आफ्रिकेच्या मलावी व टांगानिका सरोवरांतही उगवते. त्यामुळे आफ्रिकन माशांच्या जड पाण्यात ते चांगले वाढते. मात्र मुळे धरेपर्यंत त्याला उपटण्यापासून जपावे लागते.

क्रिप्टोकोरीन : याची एक जात आपल्या पश्चिम किनाऱ्याकडील पाणथळांत आढळते. एंजल वा क्रिबेन्सिससोबत हे झाड शोभते. नव्या पाण्यात गेल्यावर याची जुनी पाने बहुधा विरघळून जातात व काही आठवड्यांनी मुळांतून नवी फुटतात. हे आधी सांगितले नाही तर ग्राहक झाड मेले म्हणून फेकून देतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

लावण्याची रीत

बहुतेक झाडे माशांमुळे नव्हे, तर चुकीच्या लावणीमुळे मरतात. अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूत पुरले की कुजते. ते दगडावर किंवा लाकडावर सुती दोऱ्याने वा तंगुसाने बांधावे. काही आठवड्यांत मुळे दगडाला घट्ट धरतात. असे बांधलेले झाड उकरणाऱ्या माशालाही सहजी हलविता येत नाही.

वॅलिसनेरियासारखी मुळांची झाडे लहान मातीच्या कुंडीत लावून कुंडीच्या तोंडाशी मोठे गोटे ठेवावेत. टाकीतील मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर, खाली पातळ थर्माकोल घालून बसवावेत आणि वाळू नंतर टाकावी. नाहीतर मासा खालून वाळू उकरतो, दगड कलंडतो आणि काच फुटते. ३ फूट लांब व दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १९० किलो होते. टाकी बनविणाऱ्या कारागिराने दगडांचे वजनही विचारून घ्यावे.

फर्निचरच्या कारखान्यातील पॉलिश केलेले लाकूड वा प्लायवूडचे तुकडे टाकीत कधीही टाकू नयेत. त्यातील रसायने पाण्यात उतरतात.

पाणी, उजेड व वीज

पावसावर भरणाऱ्या धरणाचे पाणी साधारणतः मृदू असते, तर बोअरवेलचे बहुधा जड. एंजल, डिस्कस व रॅम यांना मृदू पाणी मानवते. मलावीच्या माशांना जड व अल्कधर्मी पाणी लागते. त्यांच्या टाकीत शिंपल्यांचा चुरा घालण्याची पद्धत आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी पाणी दिवसभर उघडे ठेवून हवा सोडावी किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे.

माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट झाडे खत म्हणून शोषतात. हाच जिवंत झाडांचा खरा फायदा होय. तरीही झाडे ही फिल्टरची जागा घेत नाहीत. सिक्लिड भरपूर खातात व पाणी लवकर घाण करतात, म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावेच. दिवा ८ ते १० तास पुरे. अंधारात झाडेही प्राणवायू वापरतात. त्यामुळे रात्री वीज गेली की दाट झाडांच्या टाकीत मासे गुदमरू शकतात. बॅटरीवरचा हवेचा पंप सोबत विकणे यासाठी हिताचे आहे.

जोडधंद्याची संधी

दगडावर वा लाकडावर बांधलेले तयार झाड सुट्या झाडापेक्षा टिकाऊ असते व त्याला भावही चांगला मिळतो. हे हाताचे काम असून घरच्या स्त्रियाही ते करू शकतात. अनुबियासचे खोड तीन-चार पाने ठेवून कापले की दोन झाडे होतात, पण वाढ सावकाश असते. वॅलिसनेरिया मात्र धुमारे सोडून झपाट्याने पसरते. छतावरील वा गॅलरीतील प्लास्टिकच्या टबात अर्ध्या सावलीत तिचा साठा करता येतो. झाडे वालधुनी नदीतून वा नाल्यातून आणू नयेत. ते पाणी रासायनिक सांडपाण्याने दूषित झालेले आहे. तसेच उरलेली झाडे वा मासे नदीत सोडू नयेत. उल्हास नदीत बाहेरून आलेल्या जलपर्णीने काय केले, हे आपण पाहतोच आहोत.

व्यापारातील सचोटी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आत ओल लागली, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी त्यांनी विक्रेत्याला विचारणा केली. ऑस्कर घेणाऱ्याला वाळूतले नाजूक झाड गुपचूप विकणे हे त्या झाकलेल्या ओलीहून वेगळे नाही. शिवाय येथे माल मुका जीव आहे. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस सर्वांना ठाऊक आहे. बोलता न येणाऱ्या जिवाबाबतही जाब द्यावा लागेल, हे विसरता येत नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनी एवढे करावे. झाड देण्यापूर्वी टाकीत कोणता मासा आहे, पाणी नळाचे की बोअरचे आणि दिवा किती तास चालतो, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर प्रतिकूल असेल तर झाड न देता प्लास्टिकचे द्यावे किंवा नुसते गोल, गुळगुळीत दगड सुचवावेत. आज एक विक्री हुकेल, पण हाच ग्राहक पुढे खाद्य, फिल्टर व दुसरी टाकी घेण्यास याच दुकानात येईल. बरकत अशाच व्यवहारात असते.