खाणीच्या दारातला पैलवान (पडद्यावरच्या टोळ्या : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण ‘सत्या’तल्या भिकू म्हात्रेच्या घरी जाऊन आलो. भिकूला घर होतं, बायको-मुलं होती, पण त्याचा धंदा बहुतेक उंबऱ्याबाहेर चाले. ‘सत्या’च्या दोन लेखकांपैकी एक असलेल्या अनुराग कश्यप यांनी २०१२ मध्ये ‘गँग्स ऑफ वासेपूर’ दोन भागांत आणला, आणि त्यात हा उंबराच उरला नाही.

पहिलं दृश्य आठवा. जानेवारी २००४. टीव्हीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ लागलं आहे, तुलसी घरातल्या एकेकाची ओळख करून देते आहे, आणि गोळीबार सुरू होतो. पहिल्यांदा पाहताना मला हा प्रेक्षकाला दचकवण्याचा प्रकार वाटला होता. पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं, पुढचे पाच तास आपण मालिकेतलीच सामग्री पाहणार आहोत : तीन पिढ्या, सोयरिकी, सवत, सावत्र भाऊ. सिनेमातल्या खान घराण्यातला दानिश लग्न करतो तो वैरी सुलतानच्या बहिणीशी, आणि पुढे सुलतान त्याच बहिणीवर गोळी झाडतो.

या वैराचं मूळ धनबादच्या कोळशात आहे. शाहिद खान खाणीत मजूर आहे. बायकोला कळा सुरू होतात, पण खाणीवरचा पैलवान त्याला घरी सोडत नाही. बायको बाळंतपणात जाते आणि शाहिद पैलवानाला ठार करतो. इथवर ही ओळखीची सूडकथा झाली. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. स्वातंत्र्यानंतर खाणी हाती आलेला रामाधीर सिंह शाहिदलाच पैलवान म्हणून नेमतो, आणि शाहिद ते काम पत्करतो. ज्या माणसामुळे आपली बायको गेली, त्याच्याच जागी तो उभा राहतो. मजुरांना धाकात ठेवणं हे तिथे पगारी काम आहे, आणि एक माणूस मेला तर जागा रिकामी होते, एवढंच. पुढे १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या. या सिनेमातले पैलवान मात्र कुठे जात नाहीत, त्यांना कामगार संघटना, चोरटा कोळसा, भंगाराचे लिलाव असे नवे धनी मिळत जातात.

शाहिदचा मुलगा सरदार खान याचे संवाद आजही लोक मिशीवर ताव देत ऐकवतात. मला मात्र त्याची बायको नगमा महत्त्वाची वाटते. कोठ्यापर्यंत सुरी घेऊन नवऱ्याचा पाठलाग करणारी हीच बाई पुढे त्याला समोर बसवून वाढते आणि बजावते, नीट जेव, बाहेर जाऊन घराची अब्रू घालवू नकोस. रिचा चढ्ढा यांनी या प्रसंगात राग, अपमान आणि संसार रेटण्याची चिकाटी एकाच आवाजात आणली आहे. पुढे नगमा मारली जाते तीही बाजारात, खरेदीला गेलेली असताना.

मारेकरीसुद्धा इथे कारागीर नाहीत. सरदारचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा डेफिनिट शमशाद या वैऱ्याला मारायला जातो तर पिस्तूलच अडकतं. मग गावभर पळापळ. शेवटी तो धावत्या गाडीत उडी मारतो, आणि डबा निघतो लष्करी जवानांनी भरलेला. खून करायला निघालेल्या पोराचीही इथे अशी फजिती होते, म्हणून त्याची भीती जास्त खरी वाटते.

मरणाचा तमाशा न करण्याची ही शिस्त सिनेमा एका ठिकाणी मोडतो. रुग्णालयात नगमाचा मुलगा फैजल रामाधीरवर गोळ्या झाडतच राहतो, माणूस मेल्यावरही झाडत राहतो, आणि कॅमेरा त्यात रमतो. तिथे मरण पुन्हा तमाशा होतं, आणि मला ते खटकतं.

मग फैजलही जातो, सावत्र भावाच्या, डेफिनिटच्या गोळीनं. शेवटचा प्रसंग मुंबईतला आहे. वासेपूर सोडून आलेली फैजलची बायको मोहसिना, घरातला म्हातारा नासिर आणि फैजलचा लहानगा मुलगा. मोहसिना पोराला गाणं म्हणून झोपवते आहे.