लिव्हरची रायफल, सहाबारी रिव्हॉल्व्हर आणि यवतमाळची जागल

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या जंगलालगतच्या तालुक्यांत सोयाबीनला शेंगा धरल्या की रात्रीची जागल सुरू होते आणि ती तूर-हरभरा घरी येईपर्यंत थांबत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावराचा कोपरा उकरून टाकतो, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप कोवळी तूर शेंड्यापासून खुडत जातो, आणि मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याच्या हाती बहुधा डबा, फटाके आणि बॅटरी एवढेच असते. बंदुकीचा विषय या भागात शौकातून नव्हे, तर राखणीतून निघतो. म्हणूनच जगभर ज्या दोन हत्यारांविषयी विलक्षण ओढ दिसते, त्या लिव्हरच्या रायफलीचा आणि सहाबारी रिव्हॉल्व्हरचा विचार या वावराच्या कडेने केला, तर हत्याराचे आकर्षण आणि त्याची उपयुक्तता या दोन गोष्टी कोठे एकत्र येतात आणि कोठे एकमेकींपासून दूर जातात, हे नेमके कळते.

या हत्यारांची मोहिनी समजायची, तर त्यांच्या आधी काय होते ते पाहावे लागते. ठासणीच्या बंदुकीत, जिला विदर्भात भरमार बंदूक म्हणतात, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वर बोळा आणि गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ते ठासायचे, मग घोड्याखाली टोपी बसवायची, आणि एवढ्या खटाटोपानंतर मिळणारा बार एकच. तो हुकला, किंवा पावसाळी हवेने दारू ओलसर होऊन उडालाच नाही, तर समोरचे जनावर दुसऱ्या बारासाठी थांबत नसे. दारू, गोळी आणि ठिणगी देणारे स्फोटक द्रव्य ही तिन्ही एकाच धातूच्या नळकांड्यात बंद करणारे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आले आणि बंदूक मागच्या बाजूने, तीही झटपट, भरता येऊ लागली. अमेरिकेतील बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये ज्या रायफलीचे पेटंट घेतले, तिच्या नळीखालच्या नळकांड्यात अशी सुमारे पंधरा काडतुसे एकामागे एक मावत. पुढे १८६६ मध्ये हीच रचना विंचेस्टर या नावाने सुधारून बाजारात आली आणि काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याची सोय झाली.

लिव्हर म्हणजे चापाभोवतीचे संरक्षक कडेच मागे लांबवून केलेली मूठ. ती खाली-पुढे ढकलली की बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा खिळीसारखा भाग, मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, घोडा आपोआप चढतो आणि नळकांड्यातले नवे काडतूस एका छोट्या पाळण्यावर उचलले जाते; मूठ परत वर ओढली की ते काडतूस नळीत बसते आणि बोल्ट कुलूपबंद होतो. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये हे कुलूप माणसाच्या गुडघ्यासारख्या दुहेरी सांध्याचे होते: सांधा सरळ झाला की भार पेलतो, दुमडला की मोकळा होतो. मात्र हा सांधा जोरकस काडतुसाचा दाब सोसू शकत नसे. त्यामुळे जॉन ब्राउनिंग या शोधकाने १८८६ पासून उभ्या सरकणाऱ्या पोलादी खुंट्यांचे भक्कम कुलूप आणले, आणि त्याच्याच १८९४ च्या आराखड्याची रायफल, धूर न करणाऱ्या दारूच्या .३०-३० काडतुसासह, अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबतीण झाली. ही रायफल चपटी असल्याने खांद्यावर किंवा खोगिराला सहज अडकते, डावखुऱ्यालाही तितकीच सोयीची पडते, आणि नेमावरून गाल न हलवता दुसरा बार तयार ठेवते. तिच्या आकर्षणाचे खरे कारण मात्र याहून साधे आहे. तिच्यात जे काही घडते ते वापरणाऱ्याच्या हाताने आणि डोळ्यांदेखत घडते. स्वतः केल्याशिवाय काहीच होत नाही आणि केलेले सगळे दिसते. असे यंत्र माणसाला आपले वाटते, आणि या आपलेपणाला भाबडेपणा म्हणून झिडकारणे योग्य नाही.

रिव्हॉल्व्हरचे आकर्षणही याच जातीचे आहे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रचनेत एका फिरत्या दंडगोलाला पाच-सहा घरे असतात. घोडा चढवला की आतील एक दाता दंडगोलाला एका घराने पुढे फिरवतो, दुसरी खुंटी त्याला नळीच्या अगदी रेषेत अडवून धरते आणि चाप ओढताच बार होतो. पुढे इंग्लंडमधील रॉबर्ट अॅडम्सने १८५१ मध्ये केवळ चाप ओढून घोडा चढेल आणि पडेलही, अशी सोय केली; दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारी रिव्हॉल्व्हरे १८५७ च्या लढायांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. पिस्तुलात एखादे काडतूस उडाले नाही, तर ते हाताने बाहेर काढावे लागते; रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की दंडगोल पुढचे घर समोर आणतो. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेले हत्यार अडचणीच्या क्षणी चालेल, हा विश्वास या एका गुणावर उभा आहे. अमेरिकेच्या सरहद्दीवर तर १८७३ च्या विंचेस्टरचे .४४-४० काडतूस कोल्टच्या रिव्हॉल्व्हरलाही चालू लागल्यावर माणसाला एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही हत्यारांना पुरू लागली. ज्या मुलखात दुकान चार दिवसांच्या वाटेवर असे, तेथे या सोयीचे मोल फार मोठे होते.

लष्करांनी मात्र लिव्हरची रायफल फारशी स्वीकारली नाही. जमिनीवर पालथे पडून नेम धरणाऱ्या शिपायाला मूठ खाली ढकलायला जागा अपुरी पडे, आणि नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असल्याने पुढच्या काडतुसाच्या बुडावर मागच्या गोळीचे टोक टेकत असे. त्यामुळे अणकुचीदार, लांब पल्ल्याची गोळी तेथे वापरणे धोक्याचे होते. ब्राउनिंगने १८९५ मध्ये पेटीसारख्या कप्प्याची रायफल करून ही दुसरी अडचण सोडवली, रशियाने पहिल्या महायुद्धात ती लाखोंच्या संख्येने घेतली, आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये तीच घेऊन आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीला गेले. भारतात इंग्रजी सैन्याकडे १८७१ नंतर आलेली मार्टिनी-हेन्री लिव्हरनेच उघडे. पण ती एकेरी होती, म्हणजे प्रत्येक बाराला नवे काडतूस हाताने घालावे लागे. त्यानंतर आलेल्या ली-एन्फील्डने, म्हणजे बोल्ट हाताने मागेपुढे करायच्या रायफलीने, या देशातील रायफलीची कल्पनाच ठरवून टाकली.

सामान्य रयतेला तर यातले काहीच खुले नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपीयांना मात्र त्यातून मोकळीक दिली. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि आजचा यवतमाळ जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जात होता. १९०५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. अशा मुलखात विंचेस्टर हे एखाद्या साहेबाचे, संस्थानिकाचे किंवा बड्या जमीनदाराचेच हत्यार असणार, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला आलीच तर ठासणीची बंदूक.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने युरोपीय आणि भारतीय हा भेद संपवला, पण परवान्याची चौकट ठेवली. या कायद्याच्या तेराव्या कलमात पीक-राखणीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि विदर्भातील शेतकऱ्याने तो मुद्दाम वाचावा असा आहे. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा परवाना एखाद्या नागरिकाने मागितला, तर कायद्यात अन्यत्र सांगितलेली नकाराची कारणे नसताना तो द्यावा, अशी ही तरतूद आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडेल अशी खात्री पटल्यास परवाना देणारा अधिकारी राखणीसाठीही दुसरी गुळगुळीत बंदूक मंजूर करू शकतो. गुळगुळीत नळी म्हणजे जिच्या आत गोळीला भोवरा देणारे पिळाचे आटे नसतात ती. बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक याच प्रकारची. रायफल, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याला सर्वांत सहज देऊ केलेले हत्यार हेन्रीच्या १८६० च्या रायफलीपेक्षाही एका पिढीने जुने आहे. ही गोष्ट अन्यायाची वाटण्यासारखी असली, तरी तिच्यामागचा विचार वावरात उभे राहिल्यावर पटतो.

.३०-३० सारख्या मध्यम काडतुसाची गोळीसुद्धा हुकली किंवा जनावरातून आरपार गेली, तर दोन किलोमीटरपलीकडेही माणसाचा जीव घेऊ शकते. यवतमाळचे वावर कधी एकटे नसते. पलीकडच्या धुऱ्यावर दुसरा शेतकरी जागलीला असतो, त्यापुढे कोलाम पोड किंवा बंजारा तांडा असतो, आणि अंधारात बॅटरीच्या झोतात दिसलेल्या डोळ्यांमागे काय आहे हे नेम धरणाऱ्याला दिसत नाही. छर्ऱ्याचा बार मात्र चाळीसेक मीटरपर्यंत जोर धरतो आणि काहीशे मीटरांत जमिनीवर येतो. म्हणून राखणीच्या कामाला बारा बोअरची दोननळीच व्यवहार्य ठरते, आणि आवाजाने कळप पिटाळणे एवढाच हेतू असेल तर ठासणीची बंदूकही पुरेशी आहे. लिव्हरच्या रायफलीचे सगळे गुण, तिचा वेग, तिचा पल्ला, तिची काडतुसांची साठवण, या ठिकाणी धोका वाढवतात.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित प्राणी आहेत. उभ्या पिकाला धोका निर्माण करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वन अधिकारी लेखी आदेशाने आणि कारणे नोंदवून देतात. शस्त्राचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून आणि शिकारीची परवानगी वनखात्याकडून, अशा दोन दारांवरून शेतकऱ्याला जावे लागते. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे कापूस वेचणीला आणि तूर उभी असताना. या चक्रात हंगाम निघून जातो आणि काही जण कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा मार्ग धरतात. अशा तारेला डुक्कर, वाघ, बैल आणि शेजारचा शेतकरी हे सगळे सारखेच, आणि विदर्भात असे मृत्यू पुन्हा पुन्हा घडले आहेत. परवानगीची वाट जितकी लांब, तितकी ही तार जवळची वाटू लागते, म्हणून पीक-राखणीचे अर्ज पेरणीपूर्वी निकाली काढणे ही प्रशासनाची निकडीची जबाबदारी मानली पाहिजे. थोड्या वेळापुरता सौम्य झटका देणारे सौर कुंपण हा राखणीचा सर्वांत समंजस उपाय आहे.

हत्याराच्या मर्यादेचा मोठा धडा याच जिल्ह्याने २०१८ मध्ये पाहिला. पांढरकवडा-राळेगाव भागात सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचा संबंध जोडला गेला, त्या टी-१ वाघिणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिच्या मागावर हत्ती, प्रशिक्षित कुत्री, उष्णता टिपणारे ड्रोन, इतकेच काय सुगंधी अत्तरही वापरले गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ ती गोळीने मारली गेली. बेशुद्धीचे इंजेक्शन, अंतर, अंधार आणि गोळी यांचा क्रम नेमका काय होता, यावर नंतर चौकशा झाल्या. इतक्या तयारीच्या मोहिमेतही शेवटचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागला. एकट्या मचाणावर हाती रायफल घेऊन बसलेल्या माणसाकडून याहून चोख वागण्याची अपेक्षा करता येत नाही.

रिव्हॉल्व्हरचा पल्ला व्यवहारात पंधरा-वीस मीटरांचा, त्यामुळे रानडुकरापुढे त्याचा उपयोग नाही. त्याचा परवाना मागितला जातो तो रोकड नेणाऱ्या कापसाच्या व्यापाऱ्याकडून किंवा जिवाला धोका असलेल्या माणसाकडून. लष्करी काडतुसे चालणारी हत्यारे, जसे .३०३ ची रायफल किंवा .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरे, सर्वसामान्यांना निषिद्ध आहेत. त्यामुळे भारतीय आयुधनिर्माणी नागरिकांसाठी .३२ बोअरचे सहाबारी रिव्हॉल्व्हर बनवत आली आहे. २०१४ मध्ये कानपूरला याच बोअरचे टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे, किमतीने सव्वा लाखाच्या घरातले रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले गेले. ओलसर पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या दंडगोलावर गंज चढतो, आणि वर्षातून एकदाही सराव न करणाऱ्याच्या हाती ते घरातल्या मुलांनाच अधिक धोक्याचे ठरते.

काडतुसांचा प्रश्न याहून निर्णायक आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्याराची आयात जवळजवळ बंद झाली. देशात बनणारी .३१५ ची बोल्टची रायफल आणि बारा बोअरच्या बंदुका यांना पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची काडतुसे मिळतात, पण .३०-३० ची विंचेस्टर आजोबांकडून आलेली असली, तर तिच्यासाठी काडतूस शोधणे हीच एक मोहीम होते, आणि जुने काडतूस सापडले तरी त्यातील दारूवर भरवसा ठेवता येत नाही. अशा रायफलीचा वारसा नातवाकडे नेण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे: परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने सत्तरी गाठल्यावर अथवा पंचवीस वर्षे परवाना बाळगल्यावर, कायदेशीर वारस परवाना मागू शकतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा उरल्याने घरोघरी निवड करावी लागली. ज्या घरात बारा बोअरची दोननळी, .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि एक जुनी लिव्हरची रायफल आहे, तेथे शेती कसणारा वारस पहिली दोन ठेवील हे उघड आहे. तिसरी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होईल, आणि तेल न मिळाल्याने दोन पावसाळ्यांत तिचा बोल्ट अडकेल. वापरण्याजोगे न उरलेले आणि पुरातन मोलाचे हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची तरतूद १९५९ च्या अधिनियमातच आहे; तिचा आधार घेऊन अशी रायफल कायमची निकामी करून एखाद्या संग्रहालयाकडे सोपवली, तर ब्राउनिंगच्या कारागिरीचा तो नमुना गंजण्याऐवजी यवतमाळच्या मुलांना निदान काचेआडून पाहता येईल.