नोकरीच्या अर्जाबरोबरचं पत्र कसं लिहावं?



"आता या वयात नोकरीचा अर्ज कशाला?" असं काहीजण म्हणतील. पण आपल्या समाजात पेन्शनीत भागत नाही म्हणून, किंवा दिवसभर घरात बसून जीव कंटाळतो म्हणून, रोजचं तीन-चार तासांचं काम शोधणाऱ्या बायका-पुरुष थोडे नाहीत. आणि ज्यांना स्वतःला काम नको आहे, त्यांच्याकडे मुलगी, सून, नात कधीतरी कागद घेऊन येतेच, "आजी, एकदा बघ ना, बरोबर आहे का?" म्हणून हा लेख.

इथे अर्जाबरोबर दोन कागद लागतात. एक 'कोरोत खाईम', म्हणजे आपलं शिक्षण आणि आजवरची कामं यांची यादी. दुसरं 'मिख्ताव मक्दीम', म्हणजे ती यादी उघडण्याआधी वाचायचं छोटं पत्र. यादी सांगते की मी कुठे कुठे काम केलं. पत्र सांगतं की तुमच्या ह्याच जागेसाठी मी कशी उपयोगी पडेन. पत्रात यादीच पुन्हा लिहिली तर वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही.

आपल्या पिढीला मुंबईत अर्ज लिहायला शिकवले ते "सविनय विनंती की..." पासून "आपली आज्ञाधारक" पर्यंत. मधे "आपण कृपा केल्यास आजन्म ऋणी राहीन" हेही असायचं. तिथे त्या काळी ती रीतच होती. इथली माणसं सरळ बोलतात आणि सरळच वाचतात. त्यांना अशी विनवणी वाचून वाटतं, हिला काम येत नसावं, म्हणून हात जोडते आहे. नम्रपणा सोडा असं मी म्हणत नाही. पण स्वतःला लहान करून लिहिणं म्हणजे नम्रपणा नव्हे.

मी नर्स होते, म्हणून नर्सचंच उदाहरण देते. ड्युटी बदलताना येणाऱ्या सिस्टरला आम्ही पेशंटची सगळी कहाणी सांगत नसू. कोणता बेड, काय तक्रार, काय केलं, काय करायचं राहिलं, एवढंच सांगायचो. जे तिला पुढच्या आठ तासांत लागणार, तेवढंच. पत्रही तसंच लिहावं. वाचणाऱ्याला काय हवं आहे ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्यातलं एक-दोन गोष्टी आपण कधी, कुठे, कशा केल्या ते लिहायचं. अर्ध्या पानाच्या वर जायचं नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंना वृद्धांची घरी जाऊन सेवा करण्याचं काम हवं होतं. मेतापेलेतचं. त्या म्हणाल्या, "अगं, मी काय लिहू? मी तर जन्मभर घरीच होते." आणि ह्याच बाईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं नऊ वर्षं सगळं केलं! हॉस्पिटलात त्यासाठी तीन पाळ्यांत माणसं लागतात. आपल्या बायका त्याला 'घरीच होते' म्हणतात. मग आम्ही दोघींनी बसून असं पत्र लिहिलं :

"शालोम. वृद्धांच्या सेवेसाठी मेतापेलेत हवी, ही तुमची जाहिरात वाचली. माझ्या सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलणं, आंघोळ, भरवणं, गोळ्या वेळेवर देणं, साखर तपासून वहीत लिहिणं हे सगळं मी केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मी मराठी आणि हिंदी बोलते. हिब्रू चांगलं बोलते, वाचायला थोडा वेळ लागतो. रविवार ते गुरुवार, सकाळी आठ ते बारा येऊ शकते. जड माणसाला एकटीने उचलणं मला जमणार नाही. भेटायला कधी येऊ ते कळवावं."

खाली नाव आणि फोन नंबर. बस.

यात "मी खूप मेहनती आहे", "मी प्रेमळ आहे" असं एकही वाक्य नाही. पाठीला जखम झाली नाही, हे एक वाक्य जाणकार माणसाला सगळं सांगतं. जे जमत नाही तेही लिहिलं आहे, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो, आणि पुढे आपलीच कंबर वाचते.

आता काही बारीक गोष्टी.

जन्मतारीख लिहायची गरज नाही. वय, धर्म किंवा मूळ देश यावरून उमेदवारांत भेद करायला १९८८ च्या समान संधीच्या कायद्याने मनाई आहे. तेउदत झेहुतचा नंबर, बँकेचा खाते नंबर, आपली दुखणी आणि घरच्या अडचणी पत्रात घालू नका.

जाहिरातीत जागेचा नंबर दिला असेल तर तो ईमेलच्या विषयात लिहा. पत्र ईमेलमध्येच लिहा आणि कोरोत खाईम जोडा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर फोन करावा. इथे त्यात कोणी वाईट मानत नाही.

हिब्रू नातवाकडून लिहून घेतलं तरी चालेल. पण प्रत्येक वाक्य त्याच्याकडून वाचून घ्या. मुलं जोशात मोठमोठे शब्द घालतात, आणि मुलाखतीला आपल्याला जायचं असतं, नातवाला नाही. जे वाक्य तुम्हाला तोंडाने सांगता येत नाही, ते काढून टाका.

आणि एक महत्त्वाचं. काम घेण्याआधी बितुआख लेउमीत विचारा. वयाची ७० वर्षं पूर्ण होण्याआधी कमाईमुळे वार्धक्याची पेन्शन कमी होऊ शकते, नंतर ती कमाईमुळे कमी होत नाही. पण ज्यांना पेन्शनीवर हश्लामत हख्नासा मिळते, त्यांच्यासाठी ७० नंतरही कमाईचा हिशोब होतो. हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

आज एक कागद घ्या आणि आयुष्यात ह्या दोन हातांनी काय काय केलं ते मराठीतच लिहून काढा. स्वयंपाक, शिवण, हिशोब, आजारपणं, मुलांचं संगोपन, काहीही वगळू नका. पत्र नंतर लिहा. त्यात घालायला काय आहे, हे त्या कागदावर दिसेल.

बेहात्सलाखा!