चीनमधील गावांच्या कमानी : सन्मान कोणाचा, किंमत कोणाची?

चैत्यभूमीला जाताना आपण सांचीच्या तोरणाची प्रतिकृती असलेल्या प्रवेशद्वारातून आत जातो. उभे खांब आणि त्यांवर आडव्या तुळया, अशी ही बांधणी. तिच्याशी साम्य असलेल्या कमानी चीनमधील अनेक जुन्या गावांच्या तोंडाशी दिसतात. त्यांना 'पायफांग' म्हणतात. काही अभ्यासक त्यांचे मूळ भारतीय तोरणात शोधतात, तर काही चीनच्याच जुन्या वस्त्यांच्या दरवाजांत.

थांग राजवटीची राजधानी छांगआन ही भिंतींनी वेढलेल्या वस्त्यांमध्ये विभागलेली होती. अशा वस्तीला 'फांग' म्हणत. रात्री तिचे दरवाजे बंद होत. पुढे भिंती गेल्या आणि कमान उरली. पायफांगला दारे नसतात. अडवणे हे तिचे काम नाही, सांगणे हे आहे.

ती काय सांगते? मधल्या फलकावर गौरवाची अक्षरे असतात. खांबांपाशी बहुधा रक्षणाचे प्रतीक म्हणून सिंह असतात. कोरीव कामात वटवाघूळही दिसते, कारण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौख्य या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असा होतो.

अनहुई प्रांतातील थांगयुए गावात बाओ घराण्याच्या सात दगडी कमानी ओळीने उभ्या आहेत. तीन मिंग काळातील, चार छिंग काळातील. राजनिष्ठा, आईवडिलांची सेवा, दानधर्म यांसाठी त्या उभारल्या गेल्या. त्यांपैकी दोन पुनर्विवाह न करता आयुष्य काढणाऱ्या विधवांच्या गौरवासाठी आहेत. त्या ओळखल्या जातात मात्र 'अमक्याच्या पत्नीची कमान' म्हणून. आयुष्य स्त्रीने झिजवले, प्रतिष्ठा घराण्याला मिळाली.

चीनमधील बौद्ध विहारांचे प्रवेशद्वार वेगळेच सांगते. त्याला 'तीन दरवाजे' असेही म्हणतात. शून्यता, अनिमित्त आणि अप्रणिहित ही ती विमुक्तीची तीन द्वारे. तेथे घराण्याचा मोठेपणा नाही, मुक्तीचा मार्ग आहे. सांचीच्या दानलेखांतही भिक्खुनी आणि उपासिका स्वतःच्या नावाने उभ्या आहेत.

आपल्या पूर्वजांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले गेले होते. म्हणून कोणतीही कमान पाहताना आपण केवळ नक्षी पाहून थांबू नये. आज आपणही वस्त्यांत आणि विहारांसमोर कमानी उभारतो. त्यांवर नावे कोरताना, वर्गणी गोळा करणाऱ्या आणि विहार झाडणाऱ्या आपल्या मायबहिणींची नावे त्यांत आहेत का, हेही पाहिले पाहिजे.